किरकोळ दुरुस्त्या

सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, कॉम्प्युटर चालू केला, तर फाइल मॅनेजरच्या, म्हणजे फायली दाखवणाऱ्या-हलवणाऱ्या प्रोग्रामच्या, अपडेटखाली एकच ओळ: काही दोष दूर केले, काही सुधारणा केल्या. कुठले, ते नाही. आमचे वडील असेच. मृगाच्या आधी पांढऱ्या मातीची पाटी घेऊन माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, चढायचे आणि उतरल्यावर एवढंच म्हणायचे, "माळवद बघून आलो." मुंग्यांनी कुठं पोखरलं होतं, उंदराचं बीळ कोणत्या कोपऱ्यात निघालं, काही सांगायचे नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही.

परभणीत झेरॉक्सचं दुकान चालवायचं म्हणजे दिवसभर फाइल मॅनेजरच्या खिडकीत राहायचं. सातबारे, पीकविम्याच्या पावत्या, कृषी विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध. 'फायनल', 'फायनल २', 'खरं फायनल', 'फायनल सर म्हणले तसं'. अशात यादीत 'गट १०' हा 'गट २'च्या वर दिसला की डोकं फिरतं. कॉम्प्युटरचीही चूक नाही म्हणा. तो आकडा मोजत नाही, अक्षरं लावतो. एक दोनाच्या आधी, म्हणून दहाही दोनाच्या आधी. त्याला माणसासारखं मोजायला शिकवलं, तेही कुणीतरी असल्याच एका ओळीत गुंडाळून टाकलं असणार.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही म्हणतो, त्याला माझ्या टेबलावर तरी पुरावा आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर मी डॉल्फिन नावाचा फाइल मॅनेजर वापरतो. तो केडीई या सॉफ्टवेअर प्रकल्पाचा, आणि केडीई १९९६ साली सुरू केलं माथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्यानं. फायलींना मराठी नावं मात्र जपून द्यावी लागतात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नाव २५५ बाइटांत (बाइट म्हणजे साठवणुकीचं माप) बसवायचं असतं, आणि आपलं अक्षरच काय, काना-वेलांटीसुद्धा ३ बाइट खाते. म्हणजे हिशेब पंचाऐंशीचा. शेतकऱ्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, तालुका, गट नंबर, हंगाम... तालुक्यापाशीच दम लागतो. इंग्रजीत लिहिणारा तेवढ्याच जागेत पाय पसरून बसतो.

सगळ्यात महाग पडलेला किडा, म्हणजे प्रोग्राममधला दोष, पेनड्राइव्हचा. तेव्हा दुसराच फाइल मॅनेजर होता. जिंतूरकडचे एक आबा नातीच्या लग्नाचे फोटो घ्यायला आलेले. कॉपीची हिरवी पट्टी शंभरावर पोचली, मी पेनड्राइव्ह उपसून त्यांच्या हातात दिला. आबांनी तो रुमालात गुंडाळून कोपरीच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी परत. अर्धे फोटो उघडेनात. नंतर कळलं, कॉपी आधी कॉम्प्युटरच्या मेमरीत जाते, तिथून सावकाश पेनड्राइव्हवर उतरते. पट्टी पहिल्याच टप्प्याला भरून मोकळी झालेली. आता 'लिहिणं चालू आहे, काढू नका' असं समोर येतं. पाच शब्द, पण ते येईपर्यंत किती जणांच्या लग्नाचे फोटो गेले असतील!

परवा आबा पुन्हा आले, या वेळी बारशाचे फोटो. तोच रुमाल. पट्टी भरली तसा त्यांनी हात पुढं केला.

"झालं ना?"

"थांबा आबा, अजून उतरायलंय."

"मागच्या बारीला तर लगेच दिलतंस."