चार किलो तीनशे

शनिवार, रात्र.

लाईट मघाशी आली. तोवर अंधारात पडून तेच तेच उगाळत होते. लिहिलं तर झोप लागेल म्हणून वजनाची वही उलट्या बाजूने उघडली.

गुरुवारची गोष्ट. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. दिवस कलल्यावर ह्यांनी बाभळीच्या फांदीला काटा अडकवला आणि एकेक गाठोडं लावायला घेतलं. हे आकडा सांगणार, मी लिहिणार. बत्तीस. अठ्ठावीस सातशे. छत्तीस. शेवटी म्हातारीचं. ती दुपारी दोननंतर आली होती, नातवाला दवाखान्यात दाखवून. गाठोडं कसलं, लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडीच. चार किलो तीनशे. दहा रुपयांनी त्रेचाळीस. सुटे संपले होते. मी दहाच्या चार नोटा तिच्या हातावर ठेवल्या आणि म्हटलं, "तीन रुपये उद्या घ्या, माय."

तिने नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या. मग हसून म्हणाली, "तुमच्या पुस्तकात त मालकानं दिवस बुडता आलेल्याईलेबी पुरा रोज देल्ला होता ना वो बाई?"

बायका हसल्या. हेही हसले. मीही हसले. ते हसू गुरुवारपासून घशात अडकून बसलंय.

खोचक नव्हतं ते. खोचक असतं तर मी रागावून मोकळी झाले असते. ही गोष्ट तिला कुठून ठाऊक, तेही मला माहीत आहे. तिचा नवरा मिशनच्या दवाखान्यात महिनाभर पडून होता. तिथे सकाळी तपासणी सुरू व्हायच्या आधी व्हरांड्यात बायबल वाचायचे, नंबर लागेपर्यंत ऐकावंच लागायचं. द्राक्षमळ्याची गोष्ट तिने तिथे ऐकली. मालक पहाटे मजूर लावतो, मग नवाला, बाराला, तीनला, आणि पार पाचलासुद्धा. सायंकाळी सगळ्यांना सारखाच रोज. दिवसभर उन्हात खपलेले कुरकुरतात. म्हातारीने ती इतकी वर्षं सांभाळली आणि बरोबर काट्याखाली काढली.

पण वेचाई किलोवरच असते की! आपल्या शिवारात एक घर दाखवा जिथे नाही. दुपारी येणाऱ्याला पुरा रोज दिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रानात कोण येईल? हे तर सरळ म्हणाले, "आपला काय धर्मादाय हाय काय?" खरं आहे. मग बोचलं कशाला?

बोचलं, कारण गेल्या रविवारचं आधीच होतं.

गेला रविवार ऑक्टोबरातला शेवटचा. ज्याच्यापासून आमचा प्रोटेस्टंट पंथ निघाला त्या लूथरने १५१७ साली ३१ ऑक्टोबरला आपले मुद्दे मांडले त्याची आठवण. उपदेशाआधी पास्टरसाहेबांनी आभाराची यादी वाचली. माईक ज्यांनी दुरुस्त करून दिला ते, फुलं ज्यांनी आणली ते. पंखा देणाऱ्या नव्या घराला तर टाळ्या पडल्या. आठ महिने झालेत त्यांना येऊन. मी बावीस वर्षं दर शनिवारी चर्च झाडते. वटवाघळांची लेंडं, पावसाळ्यात भिंतीतून झरणारं पाणी, नाताळात मंडपवाले सोडून जातात तो सगळा पसारा. माझं नाव यायलाच पाहिजे होतं असं नाही.

यायला पाहिजे होतं.

सासूबाईंची चार वर्षं तर मी मोजतही नाही. शेवटी त्यांनी नाव घेतलं ते नागपूरवालीचं. जाऊ दे, ते लिहायला बसले तर वही पुरायची नाही.

आणि यादी संपल्यावर उपदेश कशावर, तर पौलाचं इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय. कृपेनेच तारण झालेले आहे, ते देवाचे दान आहे, "कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून कर्मे केल्याने हे झाले नाही." मला वाटलं पास्टरसाहेब माझ्याकडेच बघतायत. ते घड्याळाकडे बघत होते.

एरवी उपदेश बरा झाला, ते कबूल करायला पाहिजे. त्यांनी सांगितलं, लूथरने १५२२ साली नवा करार जर्मनमध्ये आणला, तेव्हा रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात 'विश्वासाने'च्या जोडीला 'केवळ' हा शब्द पदरचा घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. लूथरचं म्हणणं, आमच्या भाषेत तो घातल्याशिवाय अर्थ उतरत नाही. गंमत अशी की 'केवळ विश्वासाने' हे शब्द अख्ख्या नव्या करारात एकाच ठिकाणी सापडतात, याकोबाच्या पत्रात, आणि तिथे पुढे 'नव्हे' लागलेलं आहे! त्याच वर्षीच्या प्रस्तावनेत लूथरने याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं. पुढे ते वाक्य काढून टाकलं. पेंढा म्हणजे आपलं कुटारच. मी बसल्या जागी मनात म्हटलं, लूथरसाहेब, कुटाराला नावं ठेवू नका, वैशाखात आमची जनावरं त्याच्यावरच जगतात.

हे म्हणताना मी याकोबाच्या बाजूने होते, हे उघड आहे. काम केलेलं माणूस याकोबाच्याच बाजूला जाऊन बसतं. तो म्हणतो ना, क्रिया नसतील तर विश्वास जात्या निर्जीव. भुतेही विश्वास धरतात आणि थरथर कापतात. मला तो सगळा अध्याय माझ्या झाडूची बाजू घेणारा वाटायचा.

गुरुवारी रात्री म्हणूनच तो उघडला. थोडं आपल्या बाजूचं वाचावं म्हणून. आणि पंधराव्या-सोळाव्या ओवीशी अडकले. कोणी उघडा आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि तुम्ही त्याला म्हणता, सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा. आणि देत काहीच नाही. त्याचा काय उपयोग?

एक गोष्ट वर लिहायची टाळली. म्हातारी दुपारी आली तेव्हा म्हणाली होती, नातवाला तीन दिवसांपासून ताप आहे. मी म्हटलं, "प्रार्थना करते हो." आणि वेचायला तास, म्हणजे कापसाची ओळ, धरून दिला. प्रार्थना केली नाही. विसरले. आकड्यांत होते.

म्हणजे माझ्याकडे ना विश्वासाचं काही होतं, ना क्रियेचं. दोन्ही पत्रांतून नापास.

(आमच्या मराठी बायबलात पौल 'कर्मे' म्हणतो आणि याकोब 'क्रिया'. ग्रीकमध्ये म्हणे दोघांचाही शब्द एकच. 'कर्म' म्हटलं की आपला हात आधी कपाळाला जातो, 'क्रिया' म्हटलं की पाचवीचं व्याकरण आठवतं. आणि दोन्ही जोडून म्हटलं तर थेट तेरवी.)

सासरे यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पास्टर घडवायच्या शाळेत, बागेचं काम करायचे, १९८३ साली ती पुण्याला जाईपर्यंत. ते सांगायचे, पोरं झाडाखाली बसून ह्याच्यावर तासन्‌तास बोलायची. पौलही अब्राहामाचाच दाखला देतो, याकोबही अब्राहामाचाच, आणि दोघंही बायबलातल्या उत्पत्ती पुस्तकातली तीच ओवी काढतात, त्याने देवावर विश्वास ठेवला ती. फक्त पौल त्याला पंधराव्या अध्यायात चांदण्यांकडे बघताना थांबवतो, आणि याकोब बाविसाव्यात, मुलाचा बळी द्यायला हातात सुरी घेतलेला. सासरे ऐकता ऐकता एकाच आळ्यात पाणी सोडून उभे राहायचे. एक सीताफळ त्या पायी कुजलं.

सूनबाईला फोनवर हेच विचारलं, कृपा की कर्म. ती अमरावतीची, कॅथलिक घरातली. म्हणाली, "आई, ते भांडण मिटलं की. १९९९ साली, ३१ ऑक्टोबरलाच. ऑग्सबर्गला लूथरनांनी आणि आमच्यांनी सह्या केल्यात. तारण कृपेनेच, आणि सत्कृत्यं ही त्याची फळं." कॅथलिकांच्या ट्रेंटच्या सभेने १५४७ साली नीतिमान ठरण्याबद्दलचा ठराव केला होता, तिथपासून धरलं तर साडेचारशे वर्षांनी मिटलं. सून आणि मी दिवाळीच्या सुट्टीत पोळीला तेल कधी लावायचं ह्यावर अजून एकमतावर आलेलो नाही.

फळं म्हटलं की मला परत काटाच दिसतो, हा माझा रोग.

काल सकाळची गोष्ट. बायका सहालाच येऊन लागल्या. हे ओरडले, दव उतरू द्या आधी! ओला कापूस जड भरतो ना. बायकांनाही ते माहीत असतं, म्हणून तर त्या सहाला येतात. म्हातारी आली नव्हती. मी धुऱ्यावर बसून बघत होते आणि मनात आलं, बावीस वर्षं म्हणून मी जे गाठोडं बांधून ठेवलंय, त्यात कापूस किती आणि दव किती. पहिली पाच-सहा वर्षं तर मी पास्टरबाईंनी बघावं म्हणून त्या यायच्या वेळेलाच झाडायला जायचे. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

शेजारची म्हणते, "तुमी त आमच्या गाडगेबाबासारख्या." तो माणूस आपल्याच भागातला, शेंडगावचा. दिवसा गाव झाडायचा, रात्री कीर्तन करायचा. झाडून झाल्यावर यादीत नाव आलं का म्हणून थांबला असेल असं वाटत नाही.

मग येशूशेजारी वधस्तंभावर असलेला तो चोर. त्याने आयुष्यात एक दिवस चर्च झाडलं नाही आणि त्याला "आज" म्हणून स्वर्गाचा शब्द मिळाला. माझं त्याच्याशी कधी पटलं नाही. शाळेत असल्यापासून नाही. पण काल नीट वाचलं तर त्यानेही एक काम केलेलं आहे. दुसरा चोर टोचून बोलत होता, त्याला ह्याने गप्प केलं. हात खिळलेले असताना जेवढं करता येतं तेवढं. हेही मी मोजायलाच काढलं, ते लक्षात आलं आणि एकटीच हसले.

आज चर्च झाडायच्या आधी म्हातारीकडे गेले. सुटे शोधत बसले नाही, सरळ शंभराची नोट घेतली. मनात सगळं ठरलेलं होतं. त्रेचाळीसचा हिशोब मिटवायचा, वर पोराच्या औषधाला. द्राक्षमळ्याचा मालक होऊन चालले होते, खोटं कशाला सांगू.

पोरगा अंगणात टायर पळवत होता. ताप गेला म्हणे कालच. म्हातारीने नोट हातात घेतली, उलटीपालटी केली आणि माझ्याकडे परत धरली.

"शंभर काहाले?"

"असू द्या माय, पोराच्या औषधाले."

"औषध तिथं फुकट भेटलं. मले तीन रुपये पाह्यजे."

"अहो, पण गुरुवारी तुम्हीच म्हटलं, पुस्तकात..."

"ते त मी गंमत केली वो. माह्या मेहनतीचे तीन द्या."

मग बस म्हणाली. बसले. कोरा चहा केला, स्टीलच्या पेल्यात दिला, पेला इतका तापलेला की पदराने धरावा लागला. साखर भरपूर होती. मी सगळा प्यायले. चर्चमधल्या पंख्याचं विचारलं तिने, किती मोठा आहे. मोठा आहे म्हटलं.

निघताना परत नोट पुढे केली. तिने मान हलवली. सत्त्याण्णव सुटे तिच्याकडे नव्हते आणि तीन माझ्याकडे.

"सोमवारी येईन वेचाले," म्हणाली, "तवा द्या."

मग चर्चला गेले. नव्या पंख्याच्या पात्यांवर आताच धूळ बसलीय, कापसाचे दिवस आहेत. स्टूलावर चढून पुसली. आत्ता वही सरळ करून गुरुवारचं पान काढलं आणि तिच्या चार किलो तीनशेच्या पुढे लिहिलं: बाकी ३.