साठा उतरला तेव्हा नफाही उतरला : लीन उत्पादन राबवतानाचा माझा अनुभव

हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी उत्पादन नियोजनाचे काम पाहत होतो, तेव्हा लीन उत्पादन, म्हणजे साठा, थांबणे आणि वाया जाणारे काम कमी करत नेण्याची टोयोटातून आलेली पद्धत, राबवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. खर्च कमी झाला पाहिजे, एवढीच व्यवस्थापनाची अपेक्षा होती. पुढच्या दीड वर्षात जे घडले त्यात खर्चाचा भाग त्या मानाने सोपा निघाला. कारखान्याला वेग आला तर तो कोणत्या ग्राहकाच्या कामी लावायचा, हे मात्र कोणीच ठरवलेले नव्हते, आणि खरी अडचण तिथे आली. ज्यांच्याकडे असे काम नुकतेच सोपवले गेले आहे त्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव क्रमाने लिहीत आहे.

पहिले दोन आठवडे आम्ही काहीही बदलले नाही. मी, शॉपचे सुपरवायझर, गुणवत्ता विभागातील एक सहकारी आणि लेखा विभागातील एक जण असे चौघे डिस्पॅचपासून उलटे चालत कच्च्या कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) रॅकपर्यंत गेलो आणि वाटेत प्रत्येक मशीनसमोर पडलेला माल हाताने मोजला. संगणकावरचे आकडे आम्ही मुद्दाम पाहिले नाहीत. मोजणी संपली तेव्हा निरनिराळ्या टप्प्यांवर मिळून ९,००० बॉडी अर्धवट अवस्थेत पडून होत्या. आमची मागणी दिवसाला ६०० नगांची. म्हणजे आज आत आलेले कास्टिंग बाहेर पडायला सरासरी १५ दिवस लागणार, हे साध्या भागाकाराने कळते. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम हेच सांगतो. एका बॉडीवर प्रत्यक्ष काम होण्याचा एकूण वेळ मात्र ३८ मिनिटांचा होता. उरलेला सगळा काळ ती नुसती थांबलेली असे. एका बिनच्या तळाशी जी बॉडी सापडली तिच्या टॅगवरची तारीख सात महिन्यांपूर्वीची होती, आणि फिनिश केलेल्या फेसवर बोटाला लागेल इतका गंज चढला होता. लेखा विभागातील सहकाऱ्याने ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. ताळेबंदात ती पूर्ण किमतीची मालमत्ता म्हणून उभी होती.

इतका माल का साचतो, याचे उत्तर बोअरिंग मशीनपाशी, म्हणजे बॉडीतला बोअर (भोक) कापून मापात आणणाऱ्या मशीनपाशी, मिळाले. एका प्रकारच्या बॉडीवरून दुसऱ्या प्रकारावर जाण्यासाठी फिक्स्चर (बॉडी पकडून ठेवणारी चौकट) बदलून नवे सेटिंग करायला १६० मिनिटे लागत. इतका वेळ मशीन बंद ठेवायची म्हटल्यावर एकदा सेटिंग लागले की जितका माल काढता येईल तितका काढून घ्यायचा, अशी रीत पडली होती, आणि म्हणून लॉट, म्हणजे एका सेटिंगवर सलग काढलेला माल, १,८०० नगांचा होता. यात ऑपरेटरची किंवा सुपरवायझरची काही चूक नव्हती. मशीन रिकामी दिसली की त्यांनाच जाब विचारला जात असे.

सेटिंगचे आम्ही सेटरच्या परवानगीने चित्रीकरण केले आणि नंतर त्यांच्याच शेजारी बसून ते पाहिले. १६० मिनिटांपैकी जवळपास पाऊण तास ते मशीनपाशी नव्हतेच. १९ नंबरचा पाना दुसऱ्या मशीनवर गेला होता, तो आणायला एक फेरी झाली. फिक्स्चर रॅकच्या मागच्या बाजूला होते, त्यासाठी ट्रॉलीची वाट पाहावी लागली. पहिला नग तपासायला गुणवत्ता विभागात न्यावा लागला आणि तिथे रांग होती. जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी मांडलेला भेद इथे अगदी चपखल लागू पडला : कोणते काम मशीन चालू असताना करता येते आणि कोणत्या कामासाठी ती थांबवावीच लागते, हे आधी वेगळे करायचे. टोयोटातील १,००० टनी प्रेसचे सेटिंग त्यांनी चार तासांवरून आधी दीड तासावर आणि पुढे ३ मिनिटांवर आणले होते. फिक्स्चर, पाने आणि गेज ट्रॉलीवर मांडून मशीनशेजारी आधीच उभे करण्याची पद्धत बसवल्यावर, कसलाही खर्च न करता आमचा वेळ ७० मिनिटांवर आला. त्यानंतर बोल्टकडे वळलो. लांब बोल्टचे पंधरा-वीस आटे फिरवावे लागतात, पण पकड बसते ती शेवटच्या आट्याला, हे एकदा नीट लक्षात आल्यावर सेटरनीच खाच असलेले वॉशर आणि झटपट आवळणारे क्लॅम्प सुचवले. दोन महिन्यांनी सेटिंग २४ मिनिटांत होऊ लागले. या भागाचे श्रेय मी पूर्णपणे त्या सेटरना देतो. माझे काम त्यांनी मागितलेल्या वस्तू वेळेवर मिळवून देण्याचे होते.

याच सुमारास एका ज्येष्ठ ऑपरेटरने मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, वेळ वाचला म्हणजे आमच्यातली माणसं कमी होणार का?" माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते तोंडदेखले देणे मला योग्य वाटले नाही. मी तो प्रश्न त्याच शब्दांत कार्यकारी संचालकांपुढे ठेवला. टोयोटाचाच इतिहास मी त्यांना सांगितला : १९५० च्या आर्थिक संकटात तिथे मोठी कामगार कपात झाली, संप झाला आणि किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. त्यानंतर नोकरीची शाश्वती हा तिथल्या सुधारणांचा पाया बनला. सुधारणेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही, असे लेखी आश्वासन मिळायला तीन आठवडे लागले. ते सूचनाफलकावर लागल्यानंतर सूचना येण्याचे प्रमाण ज्या प्रकारे वाढले, ते पाहता हे काम पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

वाचलेल्या वेळेचे काय करायचे, यावरून पहिला गंभीर मतभेद झाला. उत्पादन प्रमुखांचे म्हणणे होते की, मशीन आता जास्त वेळ चालू राहील, तर जास्त माल काढावा. पण मागणी ६०० चीच होती; जास्तीचा माल पुन्हा रॅकवरच जाणार होता. आम्ही लॉट १,८०० वरून ३०० वर आणला. पूर्वी तीन दिवसांत एकदा १६० मिनिटे सेटिंग होत असे, आता त्याच तीन दिवसांत सहा वेळा मिळून १४४ मिनिटे जाऊ लागली. मशीनचा बंद राहण्याचा वेळ जवळपास तेवढाच राहिला, पण पाचही प्रकारच्या बॉडी त्याच आठवड्यात हाती येऊ लागल्या. ही देवाणघेवाण वरिष्ठांना समजावून सांगण्यात माझी बरीच शक्ती खर्ची पडली.

लहान लॉटचा आणखी एक फायदा झाला. लीक टेस्ट (गळतीची चाचणी) सर्वांत शेवटी असल्यामुळे बोअर मोठा झाल्याचे पूर्वी शेकडो नग निघून गेल्यावर कळत असे. आता ते त्याच पाळीत कळू लागले. किइचिरो यांचे वडील साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच स्वतःच थांबत असे. त्याच विचाराने आम्ही ऑपरेटरना मशीन थांबवण्याचा अधिकार दिला. सुरुवातीला तो कोणी वापरेना. जो पहिल्यांदा थांबवेल त्याच्याकडे वरिष्ठ कोणत्या नजरेने पाहतात, याची सगळे वाट पाहत होते.

कानबान पद्धत, म्हणजे पुढच्या टप्प्याने माल वापरून कार्ड परत पाठवले तरच तेवढा नवा माल काढायचा ही रीत, मात्र पहिल्या प्रयत्नात फसली. हिशोब चुकला नव्हता : एका प्रकारची मागणी दिवसाला २०० नग, भरून येण्याचा काळ एक दिवस, २० टक्के जादा राखीव आणि एका बिनमध्ये २० नग, म्हणून १२ कार्डे. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विक्री विभागाकडून एकदम मोठ्या ऑर्डर येत, कार्डे अपुरी पडत, आणि सुपरवायझर नाइलाजाने कार्डाशिवाय माल काढायला लागत. ग्राहक खरोखरच महिनाअखेरीला इतका माल वापरतात का, हे आम्ही तीन ग्राहकांकडे जाऊन पाहिले. त्यांचा वापर रोज सारखाच होता. विक्री प्रतिनिधींचा प्रोत्साहन भत्ता महिन्याच्या बिलावर अवलंबून असल्यामुळे ते सवलत देऊन पुढच्या महिन्याची ऑर्डर आधी उचलत असत. शॉपवर कितीही शिस्त आणली तरी ही लाट तिथे अडवता येणार नव्हती. भत्त्याचे सूत्र बदलण्याचा प्रस्ताव गेला, अडला, पुन्हा गेला. तो मंजूर होईपर्यंत आम्ही केवळ दोन प्रकारांवर कानबान चालवत राहिलो.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. नवव्या महिन्यात अर्धवट माल ९,००० वरून २,४०० वर आला होता आणि १५ दिवसांचा प्रवास चार दिवसांवर. आम्ही समाधानात असतानाच त्या तिमाहीचा हिशोब आला आणि त्यात नफा स्पष्टपणे घटलेला दिसला. तातडीची बैठक बोलावली गेली आणि "हा प्रयोग कंपनीला परवडणारा नाही" हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांतच उच्चारले गेले.

घडले होते ते असे. प्रचलित हिशोबपद्धतीत कारखान्याचा स्थिर खर्च, म्हणजे घसारा, भाडे, सुपरवायझरचे पगार, तयार होणाऱ्या प्रत्येक नगावर थोडाथोडा चढवला जातो. नग विकला जाईपर्यंत तो खर्च साठ्याच्या किमतीत दडून राहतो आणि नफ्यातून वजा होत नाही. त्यामुळे गरज नसताना माल काढला की त्या काळाचा नफा कागदावर वाढतो. साठा उतरवला की उलटे होते : चालू तिमाहीचा खर्च तर येतोच, शिवाय जुन्या साठ्यात अडकलेला मागचा खर्चही त्याच तिमाहीवर येऊन पडतो. आम्ही वर्षानुवर्षे रॅकवर ठेवलेला खर्च त्या तीन महिन्यांत एकदम खाली उतरला होता.

हे मला आधी ठाऊक असायला हवे होते आणि काम सुरू करतानाच संचालक मंडळाला सांगायला हवे होते. ते न केल्यामुळे जवळजवळ सगळे काम थांबण्याच्या बेतात आले. वाचवले ते पहिल्या फेरीपासून सोबत असलेल्या लेखा विभागातील सहकाऱ्याने. त्याने नफ्याच्या तक्त्याशेजारी रोख रकमेचा तक्ता ठेवला. त्याच तिमाहीत कास्टिंगची खरेदी कमी झाली होती, बँकेकडून घेतलेली खेळत्या भांडवलाची उचल घटली होती आणि हातातली रोख वाढली होती. साठा आता याहून फार खाली जाणार नसल्याने हा फटका एकदाच बसणारा आहे, हेही त्याने मांडले. गंजलेल्या बॉडीचा उल्लेखही त्याने केला. बैठक संपली तेव्हा निर्णय झाला तो दोन तिमाही थांबून पाहण्याचा.

त्याच बैठकीत कार्यकारी संचालकांनी विचारलेला प्रश्न पुढच्या सगळ्या कामाला वळण देणारा ठरला : "चार दिवसांत माल निघतो हे मान्य. पण त्यासाठी आपल्याला जास्त पैसे कोण देणार आहे?" आमच्या एका मोठ्या ग्राहकाला चार दिवसांशी काहीच देणेघेणे नव्हते, त्याला महिन्याचा ठरलेला माल शक्य तितक्या कमी भावात हवा होता. उलट दुरुस्ती आणि खास यंत्रे बनवणारे लहान ग्राहक ५०-१०० नगांसाठी आमच्याकडे विचारणा करत आणि आम्ही त्यांना दोन महिन्यांची मुदत सांगून परत पाठवत होतो. हार्वर्डचे प्राध्यापक विकहॅम स्किनर यांनी १९६९ मध्येच निदर्शनास आणले होते की, एकच कारखाना एकाच वेळी सर्वांत स्वस्त, सर्वांत जलद आणि सर्वांत लवचिक असू शकत नाही आणि यातले काय निवडायचे हा धंद्याच्या धोरणाचा प्रश्न आहे. आमच्याकडे ही निवड आजवर रोज सकाळी सुपरवायझर करत आला होता, ज्याचा फोन आधी येईल त्याच्या बाजूने.

दोन महिन्यांच्या चर्चेनंतर शॉपचे दोन भाग झाले. मोठ्या ग्राहकाच्या दोन प्रकारांसाठी कमी सेटिंगची स्वतंत्र लाइन, आणि उरलेल्या सगळ्या प्रकारांसाठी झटपट सेटिंगची मशीने, जिथे मशीन किती तास चालली हे मोजणे बंद करून ऑर्डर किती दिवसांत निघाली एवढेच मोजायचे. हे मापक बदलणे कागदावर एका ओळीचे काम होते. ऑपरेटरना मशीन बंद असताना निर्धास्त उभे राहता यायला मात्र कित्येक आठवडे लागले.

लहान ऑर्डरची पहिली खरी परीक्षा ८० नगांची होती. ती पाचव्या दिवशी बाहेर पडली. चार दिवसांत निघाली असती, पण एका आकाराचे कास्टिंग स्टोअरमध्ये नव्हते. आम्हाला कास्टिंग ओतून देणारी फाउंड्री अजूनही महिन्यातून दोनदाच माल पाठवते, आणि कच्च्या कास्टिंगचा साठा जिथे होता तिथेच, तीन आठवड्यांवर आहे. पुढच्या महिन्यापासून आमचे सेटर आणि मी फाउंड्रीच्या मोल्डिंग लाइनवर जाऊन बसणार आहोत. पॅटर्न (साचा बनवण्याचा नमुना) बदलायला त्यांना किती वेळ लागतो, हे तिथेही अद्याप कोणी मोजलेले नाही.