संप्रेरकांची उजळणी बाणांनी करा
लेकीची जीवशास्त्राची उजळणी घेताना संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) मी मुद्दाम जास्त वेळ घालवते. जेवणानंतर रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात आणि यकृत जादा ग्लुकोज ग्लायकोजेन म्हणून साठवतं. पोट रिकामं राहिलं की स्वादुपिंडातल्याच अल्फा पेशींचं ग्लुकागॉन हे संप्रेरक तोच साठा मोकळा करतं. ही ये-जा कागदावर बाणांनी काढून बघा, घोकंपट्टी करावीच लागत नाही.

परिसंस्थेत ऊर्जेचे बाण एकाच दिशेने जातात: गवत, नाकतोडा, बेडूक. दर पायरीला साधारण १० टक्केच ऊर्जा पुढे सरकते.

उत्क्रांतीत मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारते, कारण मुलं हमखास तिथेच अडखळतात. जिवाणूंना प्रतिजैविकाची सवय होत नाही. त्यांच्यातले आधीच तग धरू शकणारे वाचतात आणि त्यांचीच संख्या वाढते.