संबळाचे हात ठेक्यावर आले: गोंधळी बाहुल्याची नोंद

मागच्या नोंदीत संगणकावर हलणाऱ्या गोंधळी बाहुल्याचं चित्र पुरं झालं होतं. पायघोळ अंगरखा, गळ्यात कवड्यांची माळ, कमरेला संबळ. चेहरा कॅमेऱ्यासमोर बरोबर हलत होता, तोंडाचे चौदाही आकार बसले होते. राहिले होते हात. त्या हातांनी तीन आठवडे घेतले, म्हणून ही नोंद जवळजवळ सगळी हातांवरच आहे.

काम अ‍ॅडोबी कॅरेक्टर अ‍ॅनिमेटर या काढलेलं बाहुलं हलवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू आहे. ज्यांनी हे वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका ग्रुपमध्ये हाताची पाच-सहा चित्रं ठेवायची, त्या ग्रुपला ‘सायकल लेयर्स’ ही बिहेवियर (हलण्याचा तयार नियम) लावायची, की चित्रं एकामागून एक दिसत राहतात. एक चित्र किती फ्रेम टिकेल ते ‘अ‍ॅडव्हान्स एव्हरी’मध्ये ठरतं. सायकल लगेच सुरू करायची की ट्रिगर दाबल्यावर, एकदाच फिरवायची की सतत, हेही तिथेच. ट्रिगर म्हणजे कीबोर्डवरचं एक बटण, दाबलं की तो ग्रुप दिसतो. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीत गाणारा एक चित्र खाली ठेवून दुसरं उचलतो ना, मला ट्रिगर तिथूनच पटकन समजला.

पहिली चूक बिहेवियर लावण्याच्या जागेची. ‘हात’ नावाच्या मोठ्या ग्रुपमध्ये ‘डावा’ आणि ‘उजवा’ असे दोन ग्रुप होते आणि मी सायकल ‘हात’लाच लावली. मग डावा हात दिसला की उजवा गायब, उजवा आला की डावा गायब. बिहेवियर ज्या ग्रुपवर असते त्याच्या थेट आतल्या लेयर (थर) ती फिरवते, नातवंडांपर्यंत जात नाही. दोन्ही हातांना वेगळी सायकल दिली आणि हे लगेच सुटलं.

मग ‘फॉरवर्ड अँड रिव्हर्स’ लावून पाहिलं. काडी वर जाते तशीच खाली येते, म्हणजे निम्मी चित्रं वाचतील असा हिशोब होता. पण वादकाचा हात तसा चालत नाही. काडी खाली येते ती झपकन, कातड्यावरून उसळते आणि मग निवांत वर जाते. उलटसुलट फिरवलेल्या चित्रांत आघात कुठे दिसतच नाही, हात नुसता झुलतो. म्हणून सहा चित्रं वेगवेगळी काढली: आघात, उसळी, तीन चित्रं वर जाण्याची, एक वरच्या टोकाची. टोकावरून थेट आघात, मध्ये काही नाही. या एका बदलाने काडीला वजन आलं.

तरीही गाण्यावर बसेना. इथे आमच्या अंबाजोगाईतल्या एका गोंधळी मामांनी मदत केली. त्यांचं वादन मी फोनवर रेकॉर्ड करून आणलं होतं, त्यावर बाहुलं लावून त्यांनाच दाखवलं. पहिल्या पाच सेकंदांत म्हणाले, “पोरी, काडी आधी पडायलीय आन् आवाज मागून यायलाय.” थोड्या वेळाने परत, “आता आवाज आधी यायलाय बघ.”

घरी येऊन मोजलं. मामांच्या रेकॉर्डिंगमध्ये 24 सेकंदांत 60 आघात, म्हणजे मिनिटाला 150. माझा सीन सेकंदाला 24 फ्रेमचा. एका आघाताला 0.4 सेकंद, म्हणजे 9.6 फ्रेम. सायकलला अर्धी-पाव फ्रेम कळत नाही. मी सहांतली पाच चित्रं दोन-दोन फ्रेमने 10 फ्रेममध्ये बसवली होती, म्हणजे दर आघाताला 0.4 फ्रेम उशीर. साठ आघातांनंतर 24 फ्रेम, अख्खा एक सेकंद! त्या 24 सेकंदांत हात पुरे अडीच ठोके मागे पडत होते, म्हणून मामांना कधी काडी आधी दिसली, कधी आवाज.

सीन 30 फ्रेमचा केला आणि सगळं जुळलं. 150 च्या लयीत एका आघाताला बरोबर 12 फ्रेम, सहा चित्रं दोन-दोन फ्रेमने. संथ भागात, मिनिटाला 100 धरले तर 18 फ्रेम, तीच सहा चित्रं तीन-तीन फ्रेमने. शेवटच्या जलद भागाला 200 धरले तर 9 फ्रेम, तिथे फक्त तीन चित्रं ठेवली, तीन-तीन फ्रेमची. एवढ्या वेगात मधली चित्रं डोळ्याला लागतही नाहीत. ज्यांना ताल-वाद्याचं बाहुलं करायचंय त्यांनी आधी लय मोजावी, मग सीनचा फ्रेमरेट ठरवावा आणि चित्रं त्यानंतर काढावीत. मी उलट केलं आणि उजव्या हाताची चित्रं दोनदा काढावी लागली.

दुसरी गोष्ट मामांनी सांगितली ती हातांची. “दोनी हात सारखे कशाला करायलीस? ही काडी बोलती, ती वाकडी घुमती.” त्यांच्या त्या ठेक्यात सरळ काडी दर मात्रेला पडते, वाकडी एक सोडून एक. म्हणून वाकड्या काडीची सायकल 24 फ्रेमची केली, बारा लेयर. त्यांतल्या सहा म्हणजे काडी टेकलेल्या एकाच चित्राच्या प्रती. सायकलमध्ये प्रत्येक लेयर सारखाच वेळ टिकते, त्यामुळे हात थांबवायचा तर चित्राच्या प्रती वाढवणं हाच सरळ मार्ग. दोन्ही ग्रुप एकाच ट्रिगरमध्ये टाकले, म्हणजे एक बटण दाबलं की दोन्ही हात एकत्र सुरू होतात आणि 12 आणि 24 चा मेळ कधी तुटत नाही.

आणखी एक बारीक बाब. सायकलचं पहिलं चित्र आघाताचं हवं. आधी माझं पहिलं चित्र काडी वर असल्याचं होतं, आघात चौथ्या लेयरवर. बटण ठोक्यावर दाबलं तरी काडी सहा फ्रेम उशिरा पडायची, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, आणि कानाला तेवढं पुष्कळ असतं. क्रम बदलून आघात पहिला ठेवला. आता बोट पडतं तिथे काडी पडते.

ट्रिगरचा सध्याचा घाट असा: ‘आराम’, ‘संथ’, ‘मध्य’, ‘जलद’ हे चार एका स्वॅप सेटमध्ये, म्हणजे एका वेळी एकच दिसतो, ‘आराम’ डिफॉल्ट. तिन्ही वादनांना लॅच लावलंय, म्हणजे बटण धरून बसावं लागत नाही, एकदा दाबलं की चालू. माणूस मेट्रोनोमसारखा वाजवत नाही, म्हणून “उदो उदो” आलं की मी बटण बंद करून पुन्हा दाबते. सायकल पहिल्या चित्रापासून सुरू होते आणि साचलेला फरक तिथेच पुसला जातो. बोट चुकलंच तर टाइमलाइनवर ट्रिगरची पट्टी आवाजाच्या लाटेखाली सरकवून घेते.

पोताच्या (गोंधळातल्या मशालीच्या) ज्योती मात्र एका संध्याकाळी झाल्या. दोन ज्योती, दोन्हींची सायकल लगेच सुरू होणारी, तीन-तीन फ्रेमची. एकीला पाच चित्रं, दुसरीला सात. सारखी संख्या ठेवली तर दोन्ही ज्योती एकदमच झुकतात आणि छापील वाटतात. पाच आणि सातची जोडी 35 चित्रांनी, साडेतीन सेकंदांनी पुन्हा जुळते, तोवर डोळा दुसरीकडे गेलेला असतो.

काल लाइट आल्यावर रात्री पुन्हा मामांकडे लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी पूर्ण तुकडा बघितला, मग संथ भाग परत लावायला सांगितला. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरत होता, नजर बाहुल्याच्या डाव्या हातावर. “मनगट वळत नाही त्याचं,” म्हणाले. बरोबर आहे, वाकडी काडी मी कोपरातून हलवलीय. पुढच्या आठवड्यात त्या हाताची हलणारी सहाही चित्रं नव्याने काढणार आहे, या वेळी त्यांच्या मनगटाचे फोटो समोर ठेवून.