इंग्रजीची निदान चाचणी काढताना : माझा अनुभव

मराठी माध्यमाच्या आठवीसाठी मी इंग्रजीची निदान चाचणी, म्हणजे मुलं नेमकी कुठे अडतात ते शोधणारी चाचणी, काढते. ४० गुण, एक तास. विरामचिन्हांना १०, शब्दसंग्रहाला १५, उताऱ्याला १५. सगळ्यात जास्त डोकं खातात ती विरामचिन्हं.

सुटी वाक्यं मी देत नाही. सत्तरेक शब्दांचा सलग मजकूर घेते आणि त्यातून दहा ठिकाणची चिन्हं, कॅपिटल अक्षरं काढून टाकते. शब्द मात्र सहावीपर्यंत येऊन गेलेलेच हवेत, नाहीतर मूल अडतं शब्दापाशी आणि गुण जातो स्वल्पविरामाचा. देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून 'मंडे'चा एम लहानच राहतो. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड' या वाक्यापुढे तर हमखास प्रश्नचिन्ह पडतं, कारण 'व्हेअर' दिसला की मुलांना प्रश्नच वाटतो. असं एक वाक्य मी मुद्दाम ठेवते. जिथे पूर्णविराम आणि अर्धविराम दोन्ही चालतील अशी जागा मात्र ठेवू नये. तपासताना वाद होतो आणि मुलांचं म्हणणं बरोबर असतं.

शब्दसंग्रहात चारही पर्याय एकाच जातीचे घ्यावेत, क्रियापद तर सगळी क्रियापदं. चुकीचे पर्याय मराठीतून शोधावेत. आपण स्वप्न 'पाहतो', म्हणून 'ड्रीम'आधीच्या रिकाम्या जागेसाठी 'हॅव'च्या जोडीला 'सी' हवंच. आपण गोळी 'खातो', म्हणून 'टेक'शेजारी 'ईट'.

उतारा दोनशे शब्दांचा. प्रश्न तयार झाले की दुसऱ्या तुकडीतल्या दहा मुलांना उतारा न देता नुसते प्रश्न सोडवायला लावते. चार पर्यायांत अंदाजाने दोन-तीन जणांचं बरोबर येणारच. सात-आठ जणांचं आलं तर प्रश्न बाद. 'शेतकरी आभाळाकडे का पाहत होता?' याला उतारा लागतच नाही, पाऊस सगळ्यांना माहीत आहे.

चाळीस पेपर तपासून झाले की एकूण गुणांप्रमाणे वरचे ११ आणि खालचे ११ वेगळे काढते. एखादा प्रश्न वरच्यांत नऊ आणि खालच्यांत तीन जणांना आला तर तो उत्तम, कारण येणारे आणि न येणारे त्यातून वेगळे दिसतात. वरच्यांत पाच आणि खालच्यांत सात, असं उलटं निघालं तर आधी उत्तरसूची तपासावी. बहुतेक वेळा पर्यायांत दोन बरोबर उत्तरं सापडतात. तसं असेल तर त्या प्रश्नाचा गुण सगळ्यांना देऊन टाकते आणि पुढच्या वर्षीसाठी पर्याय बदलते.