वादातले वाडे

सदाशिव पेठेत मावशीच्या माजघरात एका खुंटीला तार लटकलेली असे, तिच्यात मनीऑर्डरच्या पावत्या ओवलेल्या. भाडं महिना २८ रुपये. मालक ते हातात घेत नसत. घेतलं तर भाडेकरूपण कबूल केल्यासारखं होईल, असं त्यांच्या वकिलांनी सांगितलेलं. मग काका दर महिन्याला मनीऑर्डर करत आणि 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन ती परत येई. मालक राहायचे त्याच वाड्यात, वरच्या मजल्यावर. पोस्टमन बिचारा जिना चढायचा, उतरायचा आणि खाली मावशीकडे चहा घ्यायचा.

पुण्याचे वाडे कशाने टिकले, याचं माझं उत्तर त्या तारेत ओवलेलं आहे. मोठ्यांची गोष्ट वेगळी. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, उरला तो तट आणि दिल्ली दरवाजा. १८०७ चा विश्रामबागवाडा टिकला, कारण तो कुणाच्या ना कुणाच्या कामी येत राहिला: १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरली, पुढे काही काळ नगरपालिकेचा कारभार चालला. साध्या वाड्यांना कोण वाली? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू जागा सोडेना, दावा निकाली निघेना. वाडा पडायला आला, पण पाडता येईना. हेरिटेजची यादी आणि तिच्या श्रेण्या फार नंतरच्या. तोवर राखण केली ती कज्जेदलालीने.

आमच्या त्या वाड्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरायचं, विसरलात तर कपाळाला टेंगूळ. चौकातले सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे, म्हणजे ओल लाकडाला शिवत नाही. पांढऱ्या मातीच्या भिंती मात्र पोपडे टाकायच्या. एका खांबावर मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, खिळ्याने ओढलेल्या. त्यात मालकांच्या नातवाचीही होती, माझ्यापेक्षा बोटभर वर. मोठी माणसं कोर्टात भांडायची, आम्ही खांबाला पाठ लावून टाचा वर करायचो.

मग एकाएकी तडजोड झाली. दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांना पेढे दिले आणि तीन महिन्यांत वाडा जमीनदोस्त. खांब कुणा हॉटेलवाल्याने नेले म्हणतात. इतकी वर्षं न सुटलेलं भांडण आणखी थोडं चिघळलं असतं तर बरं झालं असतं, हे मी मावशीला सांगितलं नाही. पावसाळ्यात पातेली मांडून झोपणारी ती, मी नव्हे.

आता ती चौथ्या मजल्यावर राहते. इमारतीच्या नावात 'वाडा' आहे, लिफ्ट आहे, छत गळत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स ती मोबाईलवरून भरत नाही, चेकने भरते आणि पावती मागून घेते. स्वयंपाकघराच्या दाराआड एक खिळा आहे, खिळ्याला तार.