वाजलं का?

आजी 87 वर्षांची. गेल्या विधानसभेला मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ ताई 12-ड फॉर्म घेऊन आल्या. 85 च्या पुढच्यांना आता घरबसल्या मत देता येतं म्हणाल्या. तिच्या गुडघ्यांकडे बघून आम्हीच हो म्हटलं; तिला विचारलं ते नंतर.

मतदानाच्या आधीच एका सकाळी माणसं आली. दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. आजीने ठेवणीतल्या इरकलीची घडी मोडली होती. जेवणाच्या टेबलावर, लोणच्याची बरणी असते तिथे, पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला आणि आम्हा सगळ्यांना बाल्कनीत पिटाळण्यात आलं. आजीने मतपत्रिकेवर खूण केली, पाकिटात घातली, ते पाकीट आणखी एका पाकिटात गेलं. मंडळी चहाही न घेता गेली.

"वाजलं नाही रे," आजी म्हणाली.

शिक्का मारायचा जमाना तिने पाहिलाय. ठसा पुसट तर नाही ना उठला, ही धाकधूक घेऊन ती घरी यायची. मशीन आलं आणि त्या लांबलचक 'पीं'ने तिची धाकधूक मिटली. पुढे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी मशीनशेजारी दिसू लागली, सात सेकंद. ती म्हणे मनात सात मोजते.

डब्लिनचा माझा भाऊ दर निवडणुकीला विचारतो, फोनवरून, ओटीपीवर मतदान का नाही? त्याला यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन आपल्या गावच्या केंद्रावरच यावं लागतं. जवानाला मतपत्रिका ऑनलाइन मिळते, तीही परत टपालानेच जाते. भावाची तक्रार खरी आहे. पण आमच्याकडे बाबांचे सगळे ओटीपी मीच वाचून सांगतो. त्यांचं मत कोण देईल, ते मला चांगलं ठाऊक आहे.

20 नोव्हेंबरला आजी हट्टाने आमच्याबरोबर रिक्षात बसली. यादीत तिच्या नावापुढे 'पीबी', पोस्टल बॅलट, लिहिलेलं, म्हणजे केंद्रावर तिला मत नाही. तरी शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसून तिने जुन्या वाड्यातल्या दोघींना गाठलं. एकीच्या सुनेचं सगळं निघेपर्यंत माझा नंबर आला.

बाहेर येऊन मी शाईचं बोट दाखवलं. तिने बघितलंही नाही.

"ऐकलं मी," म्हणाली. "तुझंच होतं ना?"